मुसळाला लागलेला हात

माझ्या गोष्टींतल्या बायका काळात मागेपुढे फिरतात. कुणी शंभर वर्षं मागे जाऊन पणजीचं लग्न मोडते, कुणी पुढच्या शतकातून येऊन आजच्या बायकांना धीर देते. अशा गोष्टींची दोन पुस्तकं निघाली, तिसरं लिहायचा आता कंटाळा येतो. एवढ्या लांबून आलेली बाई कुठलीशी एक गोष्ट बदलते आणि मग पुढचं सगळं आपोआप सरळ होतं, हे लिहिताना आताशा हात अडतो. मोर्चे झाले, शिबिरं झाली, ठराव तर इतके झाले की झोपेतही मांडता येतील. ज्या घोषणा मी दोन वेण्या घालायच्या वयात दिल्या, त्याच केस पिकल्यावर देते आहे. त्यातली एखादी तरी जुनी व्हायला हवी होती.

मी शाळेत शिकवते. शहागडला हायवे सोडून आत वळलं की मोसंबीच्या बागा लागतात, त्यांच्या पलीकडे आमचं गाव. नवरा गेल्यावर सगळे म्हणाले, बदली माग, माहेराजवळ जा. मी मागितली नाही. शनिवारी दुपारी अंगणवाडीच्या खोलीत गल्लीतल्या बायका जमतात. नाव वाचन मंडळ, पण वाचायचं मी आणि ऐकायचं त्यांनी. हात कुणाचेच रिकामे नसतात. कुणी शेंगा फोडतं, कुणी मेथी निवडतं, आणि ऐकता ऐकता माझ्यावर टीकाही करतं. माझा घसा बसला की त्यांच्यातल्याच एकीची मुलगी वाचायची. अकरावीला होती, अंबडच्या कॉलेजात जायची. माझ्या गोष्टी ती माझ्यापेक्षा चांगल्या वाचायची, हे मला आवडायचं आणि थोडं लागायचंही.

एकदा मी माझी नवीकोरी गोष्ट वाचली. पुण्यातली एक शास्त्रज्ञ बाई यंत्रात बसून भूतकाळात जाते, अशी. मला वाटलं होतं, ऐकून सगळ्या गप्प होतील. गल्लीत शिलाईचं काम करणारी एक बाई आहे, तिच्या तोंडाला कधीच टाका पडत नाही. ती म्हणाली, "बाई, ही तिकडं गेल्ती तवा घरी सैपाक कोण करून राह्यलं व्हतं?"

मी लिहिलं नव्हतं. खरं तर सुचलंच नव्हतं.

"अन् यंत्र कामून पाहिजे?" दुसरी म्हणाली. "एसटी काय वाईट हाय? बायांना अर्धं तिकीट हाय."

त्यावर वाद पेटला. मागच्या काळात गेल्यावर तिथला कंडक्टर अर्धं तिकीट कसं देईल? तेव्हा ती सवलत कुठे होती? तो पुरे पैसे मागणार, आणि नाही दिले तर रानात उतरवून देणार. शेवटी शिलाईवालीने निकाल दिला, "जाया-यायाचं तिकीट हितूनच काढून घ्यायचं. मंग तेची कटकट न्हाई." आठवडाभर डोकं लावून मी जे यंत्र उभं केलं होतं, ते त्यांनी पाच मिनिटांत भंगारात काढलं.

तेव्हापासून दर शनिवारी आमची बस सुटायला लागली. प्रत्येकीने सांगायचं, कुठे उतरणार आणि काय करणार. मला वाटत होतं, या आपापली लग्नं मोडतील. शिलाईवाली खरंच स्वतःच्या लग्नाच्या मांडवात उतरली. पण तिथे तिची आई सकाळपासून उपाशी कामं करत होती. हिने तिला कोपऱ्यात नेऊन भाकरी खाऊ घातली आणि बस धरून परत आली. मी म्हटलं, अहो, लग्न राहिलं ना मोडायचं. तर म्हणाली, "अन् माझे लेकरं? ते कुठं जातील मंग?" दुसरी सहावीच्या वर्गात जाऊन बसली, जिथून तिला काढलं होतं. तास होईपर्यंत बसली, एवढंच. आमच्यात एक तरुण विधवा आहे, चारेक वर्षांपूर्वी ट्रॅक्टर उलटून तिचा नवरा गेला. ती म्हणाली, "मला त्या सकाळी सोडा. चावी लपवते." त्या शनिवारी शेंगा तशाच ठेवून सगळ्या घरी गेल्या.

अकरावीतल्या मुलीची आई मात्र बसमध्ये कधी चढायची नाही. नुसती हसायची. एकदा मुलगी आली नव्हती, तेव्हा मी तिला छेडलं, "तुम्हाला कुठं सोडू?"

"मला कामून मागं जायाचं बाई?" ती म्हणाली. "माझं लगीन पुन्यांदा चालू हाय की घरात."

मग सगळं बाहेर आलं. घनसावंगीकडचं स्थळ होतं. मुलगा कंपनीत, घर पक्कं, देण्याघेण्याचा आग्रह नाही. एवढं चांगलं स्थळ परत येणार नाही, असं घरचे म्हणत होते. मुलीला सोळा पुरी झाली होती. तिचं म्हणणं एकच होतं, बारावी होऊ द्या. तिला घरात कुणी रागावलंसुद्धा नव्हतं, म्हणणं नुसतं कानाआड केलं होतं. आईचं लग्न याच वयात झालं होतं, असंच सगळं चांगलं चांगलं म्हणत.

मी लगेच म्हटलं, तक्रार करू. आईने माझे हात धरले. "तसलं काय करू नका बाई. पोलीस आले तर मला बी बसवतील तेंच्यासंगं. अन् मंग हे लोक तिला दुसऱ्या तालुक्यात नेऊन जल्दी उरकून घेतील. मला शब्द द्या." मी शब्द दिला. तरी नाव न सांगता ग्रामसेवकाला विचारून पाहिलं. तो म्हणाला, लग्नाची पत्रिका छापली का? नाही ना? मग आत्ताच कशावर जाऊ? नियमाने त्याचं बराबर होतं. असली बराबर उत्तरं ऐकूनच मी थकले आहे.

तोड काढली शिलाईवालीने. आमच्याकडे लग्नघरात आधी हळद फोडतात. पाच सवाष्णी मिळून मुसळाला आंब्याचं पान बांधतात, उखळात हळकुंडं घालून गाणी म्हणत कुटतात. ती हळद फुटल्याशिवाय लग्नाचा पापडसुद्धा कुणी लाटत नाही. आणि या पाचजणी गल्लीतल्या, भाऊबंदातल्याच लागतात. येत्या रविवारचा मुहूर्त धरला होता.

"त्या पाच कोण? आपणच ना?" शिलाईवाली म्हणाली. "त्या दिशी आपण एसटीत बसू. खरोखरीच्या. जांबला जाऊ, समर्थांच्या दर्शनाला. देवाला जायाला कोणता नवरा न्हाई म्हणंन? सांजच्याला येऊ. मुहूर्त गेला की पुढचा महिनाभरानं. तवर बापाचं मन फिरंन, तसं बी तेचं अर्धं मन न्हाईच."

आईने मान हलवली. एवढं चाललं असतं तिला. मलाही ते फार आवडलं. ना पोलीस, ना भांडण, नुसती बायकांनी भरलेली बस. मी पण पिशवी भरायची म्हणत होते, तर शिलाईवाली म्हणाली, "तुम्ही राहा बाई. उगं दगदग. तुम्हाला थोडंच कोणी बोलवायला येणार हाय हळदीला?" आणि तरुण विधवेकडे बघून, "हिला बी राहू द्या. तिची सासू ओरडती."

ती हे मायेने म्हणाली. संक्रांतीला माझ्या हातावर तिळगूळ पडतो आणि हळदीकुंकवाची वाटी मला वळसा घालून पुढे जाते, हे इतक्या वर्षांत इतकं अंगवळणी पडलं आहे की मलाही तिचं बोलणं बराबरच वाटलं. विधवांच्या मानसन्मानावर जिल्हाभर भाषणं देणारी मी, पाचांची मोजदाद करताना स्वतःला धरत नव्हते.

रविवारी सकाळी बस भरून गेली. गल्ली इतकी शांत झाली की कोंबड्यांचा आवाज मोठा वाटायला लागला. मी वह्या तपासायला बसले. चहा होतो न होतो तोच दारात मुलीची आजी उभी. साठीची बाई, बांगड्या नाहीत, कपाळ मोकळं. तिचा नवरा तरुणपणीच गेला, तिने एकटीने दोन मुलगे वाढवले. मी तिला मावशी म्हणते. बस म्हटलं तर बसली नाही.

"गल्ली रिकामी हाय," ती म्हणाली. "सगळ्यांना एकाच दिशी देव आठवला. मला काय समजत न्हाई का बाई?"

मी वह्या बाजूला सारल्या.

"मंग मी म्हणलं, जाऊ द्या. आपण हाईत ना. माझ्या थोरल्याच्या लग्नात मला धान्याच्या खोलीत बसवलं व्हतं. लेकराची हळद फुटून राह्यली अन् माय भिंतीआडून ऐकून राह्यली. धाकट्याच्या टायमाला बी तसंच. आज मुसळ मी धरते. तुम्ही बी चला. तुम्हीच सांगता ना शनवारी, सवाष्ण-विधवा असलं काय नसतं? सूनबाई घरी येऊन सांगती मला सगळं."

मला जावंसं वाटलं. हे लपवण्यात अर्थ नाही. नवरा गेल्यापासून कुणी मला असं बोलवायला दारात आलं नव्हतं, आणि आता आली होती ती गावातली सगळ्यांत कडक म्हातारी. भविष्यातून आलेल्या बाईच्या तोंडी मी हेच घातलं होतं, की आमच्या काळात मुसळाला कुणीही हात लावतं. तो काळ माझ्या दारात येऊन उभा होता, आणि त्याला सोळा वर्षांच्या मुलीचं लग्न लावायचं होतं.

"मावशी, हळद फोडायला मी येईन," मी म्हटलं. "पण हिच्या नाही. ती लहान आहे अजून."

"मी बाराची व्हते."

"म्हणूनच म्हणते."

राग नव्हता तिच्या तोंडावर, घाई होती. "आज न्हाई तर मंग मला कवा भेटंन बाई?" एवढं बोलून ती गेली. जाताना तिने दोन घरं टाकून राहणाऱ्या त्या तरुण विधवेला हाक मारली. मागच्या आळीतून आणखी दोघी विधवांना आणलं. पाचवी मुलीची आई, घरचं कार्य सोडून तिला बसमध्ये जाता आलं नव्हतं, आणि सासूसमोर नाही म्हणता आलं नाही.

मग मुसळाचा आवाज सुरू झाला. आधी बिचकत, मग ठोक्याला ठोका लागला. गाणं आजीने धरलं. तिचा आवाज गंजलेला होता, पण एक कडवं ती विसरली नव्हती. मी लाल पेन हातात धरून ऐकत होते. मला म्हातारीसाठी आनंद झाला होता आणि तिचाच भयंकर राग आला होता. दोन्ही खरं होतं, आणि दोन्ही एकदम सांभाळायचं आता माझं वय राहिलेलं नाही.

संध्याकाळी बस परत आली. बायका कपाळाला बुक्का लावून, प्रसादाच्या पुड्या घेऊन, हसत उतरल्या. शिलाईवाली धावतच माझ्याकडे आली. मी तिला सांगितलं, हळद फुटली.

"कोणी फोडली? सवाष्णी तर सगळ्या बसमध्ये व्हत्या!"

"ज्यांना आपण बसमध्ये घेतलं नाही, त्यांनी."

ती ओट्यावर बसली. प्रसादाची पुडी तिच्या मुठीत तशीच राहिली.

एवढ्यावर ते थांबलं असतं, तर लग्न होऊन गेलं असतं. पण मुलीच्या काकाला पंचायतीला उभं राहायचं होतं. त्याने मुसळाचा फोटो काढून सगळीकडे पाठवला. वर गावाचं नाव, खाली 'विधवा मातांच्या हस्ते हळद, आमच्या परिवाराचं क्रांतिकारी पाऊल'. सोमवारी मधल्या सुट्टीत माझा फोन वाजायला लागला. चळवळीतल्या माझ्या जुन्या मैत्रिणींच्या ग्रुपवर तो फोटो येऊन पोचला होता. टाळ्यांचे हात, फुलं. "तुमच्याच गावचं ना? इतक्या वर्षांच्या कामाचं चीज झालं." "यावर लेख लिही, आठ मार्चच्या अंकाला घेऊ."

मी फोटो मोठा करून पाहिला. आजीने मुसळ असं धरलं होतं की कुणी मागितलं तर देणार नाही. तरुण विधवा हसत होती. तिला हसताना मी चार वर्षांत पाहिलं नव्हतं. आई खाली बघत होती. आणि सगळ्यांच्या मधोमध, पाटावर, गालाला हळदीचं बोट लावलेली ती मुलगी. तिच्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं. एवढ्या शिकल्यासवरलेल्या, आयुष्यभर लढलेल्या बायका, आणि एकीनेही विचारलं नाही की नवरी केवढी आहे.

आईला दिलेला शब्द मला आठवत होता. मुलं पटांगणात आरडाओरड करत होती. मी लिहिलं, "मध्ये बसलेली मुलगी अकरावीत आहे. सोळा वर्षांची." आणि पाठवून दिलं.

टाळ्या थांबल्या. थोड्या वेळाने जालन्याच्या एका मैत्रिणीचा फोन आला. तिने एकच विचारलं, लग्न कधी आहे. मी सांगितलं.

पुढचं भरभर झालं. जिल्ह्याहून बालविवाह थांबवणारे अधिकारी आले, त्यांच्या हातात काकाचाच फोटो होता. हळदच फुटलेली, नाही म्हणायला जागा नव्हती. बापाकडून लिहून घेतलं. नवऱ्या मुलाच्या घरच्यांनी दुसरीकडे सोयरीक केली. कुणाला अटक झाली नाही. मुलगी परत कॉलेजला जायला लागली. सकाळी दप्तर पाठीला लावून माझ्या दारावरून जाते, आणि कधी कधी उगाच थांबून कॉलेजात काय शिकवलं ते सांगते. तिची आई मला पाण्याच्या टाकीवर भेटली. "तुम्ही शब्द दिल्ता," ती म्हणाली. हंडा भरून कडेवर घेतला, मग हळूच म्हणाली, "पण बरं झालं." शनिवारी मात्र ती अजून येत नाही.

माझ्या गोष्टीत हा शेवट असता. पण गावाने त्या मोडलेल्या लग्नाचं कारण आधीच शोधलं होतं. अधिकारी आले, कायदा होता, मुलगी लहान होती, हे सगळं बाजूला राहिलं. पांढऱ्या कपाळाच्या बायांनी हळद फोडली, मंग दुसरं काय होणार? हे पारावर बोललं गेलं, किराणा दुकानात बोललं गेलं, नवऱ्या मुलाच्या गावीही तेच पोचलं. काकाने फोटो काढून टाकला. शिलाईवाली मला सांगत आली आणि वर म्हणाली, "लोक म्हणतात बाई, मी न्हाई म्हणत." तिचं तोंड बघून मला कळलं की तीही थोडं थोडं म्हणते. आजी घराबाहेर दिसेनाशी झाली. पुढच्या महिन्यात गल्लीत दुसरं एक लग्न निघालं, मुलगी चांगली एकवीस-बावीसची. तिथे हळदीला कुणीही आजीकडे गेलं नाही, माझ्याकडे तर नाहीच.

मुलीचं मला दुःख नाही, ती सुटली. पण ज्यांनी जन्मात एकदा मुसळ धरलं त्यांच्या हातावर हे आलं, आणि ते माझ्या एका ओळीने आलं. मला वाटलं, निदान त्यातल्या एकीला तरी सांगावं. तरुण विधवेच्या घरी गेले. ती दारात बसून गादीतला जुना कापूस काढून पिंजत होती. मला बघून तिने हात पदराखाली घेतले.

"बाई, माझ्या हातानंच झालं का ते?" तिने सरळ विचारलं. "माझी सासू म्हणती, तुला कोणी सांगितलं व्हतं पुढं पुढं करायला?"

"नाही," मी म्हटलं. "तुझ्या हाताने काही झालं नाही. मी कळवलं. म्हणून ते लोक आले. माझ्यामुळं मोडलं लग्न, आणि मोडलं तेच चांगलं झालं."

"तुम्ही मनानं चांगल्या हाईत," ती म्हणाली. "म्हणून सोत्तावर घेऊन राह्यल्या."

मी फोन काढला. ग्रुपवरचं ते वाक्य शोधून तिच्यापुढे धरलं. तिला वाचता येतं, सातवीपर्यंत शिकली आहे. तिने ओठ हलवत एक-एक शब्द वाचला, वर लिहिलेलं माझं नाव वाचलं. मग फोन मला परत दिला. तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल म्हणून मी वाट बघत होते.

"हे तुम्हीच लिवलं, बराबर हाय," ती म्हणाली. "पण बाई, तुमचा हात तरी कुठं निराळा हाय?"